पहिल्या पसंतीचा उमेदवार सोडून दुसऱ्याला मत देणे कितपत योग्य?

साशंक :
तीन उमेदवारांच्या लढतीत मला मनापासून पटणारा उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर राहणार, हे जवळपास स्पष्ट आहे, असे समजा. उरलेल्या दोघांपैकी एक चालण्यासारखा आहे आणि दुसरा अजिबात नको आहे. नको असलेल्याला पाडण्यासाठी ‘चालण्यासारख्या’ उमेदवाराला मत द्यावे, असा सल्ला मला वारंवार मिळतो. मात्र मोजणीत ते मत निखळ पाठिंबा म्हणूनच धरले जाते. त्यामागची नाराजी कुठेही नोंदली जात नाही. ही स्वतःशीच केलेली प्रतारणा नव्हे का? आणि हा दोष मतदाराचा की पद्धतीचा?

मोजमाप :
दोष मुख्यतः पद्धतीचा आहे. प्रत्येकाला एकच मत आणि ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, असा नियम असला की तिसऱ्याला दिलेले मत वाया जाईल ही धास्ती आपोआप निर्माण होते, आणि ती निराधारही नसते. अमेरिकेच्या २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत ज्या फ्लोरिडा राज्यावर अखेरचा निकाल अवलंबून होता, तिथे जॉर्ज बुश यांनी अल गोर यांच्यावर अवघ्या ५३७ मतांची आघाडी मिळवली आणि त्याच राज्यात ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना ९७ हजारांहून अधिक मते पडली. नेडर यांचे सगळे मतदार गोर यांच्याकडे वळले असते, असे कोणी म्हणणार नाही. काही बुश यांच्याकडेही गेले असते. परंतु शंभरामागे एका मताचा निव्वळ फरकसुद्धा निकाल फिरवण्यास पुरेसा होता.

ऑस्ट्रेलियात १९१८ पासून कनिष्ठ सभागृहासाठी मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात. पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला की ते मत पुढच्या पसंतीकडे जाते, त्यामुळे ही कोंडी बरीच सैल होते. पूर्णपणे सुटत मात्र नाही. तीन किंवा अधिक पर्यायांतून, निकाल नशिबावर न सोडता, एकाची निवड करणारी आणि कोणा एकाच्याच मर्जीवर न चालणारी प्रत्येक पद्धत कधी ना कधी डावपेचांना वाव देते, हे गिबर्ड (१९७३) आणि सॅटरथ्वेट (१९७५) या अभ्यासकांनी गणिताने सिद्ध केले आहे.

उत्तररात्र :
प्रतारणा हा शब्द मला जड वाटतो. फ्रान्समध्ये २००२ साली अध्यक्षपदासाठी सोळा उमेदवार होते. तिथे पहिल्या फेरीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. समाजवादी लिओनेल जोस्पँ दुसऱ्या फेरीत पोहोचणारच, असे गृहीत धरून डाव्या विचारांच्या अनेकांनी पहिल्या फेरीत आपापल्या आवडीच्या लहान उमेदवारांना मते दिली. जोस्पँ १६.१८ टक्क्यांवर थांबले आणि १६.८६ टक्के मते मिळवून अतिउजवे ल पेन पुढे गेले. मग त्याच डाव्या मतदारांना ल पेन यांना रोखण्यासाठी उजव्या विचारांचे तत्कालीन अध्यक्ष झाक शिराक यांना मत द्यावे लागले. पहिल्या फेरीत वीस टक्केही न गाठलेले शिराक ८२ टक्के मतांनी निवडून आले! दगडापेक्षा वीट मऊ, एवढाच त्यातल्या बऱ्याच मतांचा अर्थ होता.

साशंक :
या उदाहरणाने माझी शंका फिटण्याऐवजी बळावली. ८२ टक्क्यांमधली वीट किती आणि खरा पाठिंबा किती, हे आकड्यावरून कसे ओळखायचे?

मोजमाप :
आकड्यावरून ते ओळखता येत नाही. तुमचा हा आक्षेप मला मान्य आहे. शिवाय अंदाज चुकण्याचा धोका वेगळाच. जर्मनीतील लोअर सॅक्सनी राज्यात २०१३ साली विधिमंडळात जागा मिळण्यासाठी असलेली पाच टक्के मतांची अट एफडीपी हा छोटा मित्रपक्ष ओलांडू शकणार नाही, या भीतीने सत्तेतल्या सीडीयू या मोठ्या पक्षाच्या अनेक समर्थकांनी आपले पक्षमत (दोन मतांपैकी पक्षाला द्यायचे मत) त्याला दिले. अशा मताला तिकडे ‘उसने मत’ म्हणतात. एफडीपीला ९.९ टक्के मते मिळाली, म्हणजे उसनवारी गरजेपेक्षा कितीतरी अधिक झाली. आणि इतके करूनही एका जागेने या दोन पक्षांची सत्ता गेली ती गेलीच.

तुमच्या उदाहरणापुरते सांगायचे तर पहिल्या दोघांमधले अंतर आधी पाहावे. ते अटीतटीचे असेल, तरच पहिली पसंती सोडण्यातून काही पदरात पडण्याची शक्यता आहे. अंतर मोठे असेल, तर तुमच्या मताने ना नको असलेला पडणार, ना चालण्यासारखा तरणार. मग ते आवडत्या उमेदवाराकडून काढून घेण्याला कारणच उरत नाही.