सोसायटीत पत्रके वाटू दिली नाहीत आणि व्हॉट्सॲप गटातूनही काढले. दाद कोठे मागावी?

मुळाकाठ
तातडीने मदत हवी आहे. आमच्या पुण्यातील सोसायटीत पुनर्विकासाचा विषय चालू आहे. समितीने पुढे केलेल्या विकसकाच्या प्रस्तावातील चटईक्षेत्राचे आकडे आणि बांधकामाच्या काळात मिळणारे भाडे यांवर माझे गंभीर आक्षेप असल्याने मी दोन पानी पत्रक छापून घेतले. रविवारी फाटकापाशी ते वाटत असताना सचिवांच्या सांगण्यावरून सुरक्षारक्षकाने मला थांबवले. सूचना फलकावर लावलेली प्रत दुसऱ्या दिवशी काढलेली होती, आणि तेच पत्रक व्हॉट्सॲप गटावर टाकताच मला गटातून काढण्यात आले. राज्यघटनेच्या कलम १९ ने मला भाषणस्वातंत्र्य दिले आहे. विशेष सर्वसाधारण सभा तीन आठवड्यांवर आली आहे. उच्च न्यायालयात रिट याचिका करता येईल का, एवढेच सांगावे.

कायदा_वाचक
फाटकापाशी म्हणजे आत की बाहेर? सदनिका आपल्या नावावर आहे का? गट कोणी तयार केला? याची उत्तरे मिळाल्याशिवाय कोणालाही नेमके सांगता येणार नाही. कलम १९ मधील हक्क मुख्यतः शासनसंस्थेविरुद्ध बजावता येतो, आणि केवळ सहकार कायद्याखाली नोंदणी झाली म्हणून सोसायटी शासनसंस्था ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितले आहे. त्यामुळे रिट याचिकेवर फार भिस्त ठेवू नये.

सह्याद्री_७२
हे मत आता जुने झाले आहे. ३ जानेवारी २०२३ रोजी कौशल किशोर प्रकरणात घटनापीठाने ४ विरुद्ध १ अशा बहुमताने, कलम १९ आणि २१ खालील हक्क शासनाव्यतिरिक्त इतरांविरुद्धही बजावता येतील, असे म्हटले आहे. आपण अवश्य याचिका करावी. निकालांचा उपयोग सामान्य माणसाने केला नाही, तर ते पुस्तकातच राहतील.

कायदा_वाचक
ते प्रकरण मंत्र्यांच्या वक्तव्यांतून उद्भवले होते. त्यातील तत्त्व सोसायटीच्या सूचना फलकाला लावण्यासाठी तीन आठवडे पुरणार नाहीत, आणि प्रश्नकर्त्याला सभेपूर्वी आपले म्हणणे शेजाऱ्यांपर्यंत पोहोचवायचे आहे, हे आपण विसरत आहात.

अरुंधती_एडिसन
मी न्यू जर्सीत राहते. येथील राज्यघटनेचे भाषणस्वातंत्र्य काही प्रमाणात खासगी मालमत्तेवरही लागू होते. ट्विन रिव्हर्स वसाहतीच्या प्रकरणात २००७ मध्ये रहिवासी हरले. परंतु २०१४ मध्ये फोर्ट ली येथील एका बहुमजली इमारतीत तिच्या व्यवस्थापक मंडळावर टीका करणारी पत्रके दारांखालून सरकवण्यास केलेली मनाई राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली, आणि तेथील मंडळ स्वतःची पत्रके मात्र वाटत असे, हा मुद्दाही न्यायालयाने विचारात घेतला. आपली समिती स्वतःची पत्रके वाटते का, हे अवश्य पाहावे.

जुना_सचिव
अमेरिकेतील निकाल येथे बंधनकारक नाहीत. मी अकरा वर्षे सोसायटीचा सचिव होतो, म्हणून अनुभवाने सांगतो की एक पंचमांश सभासदांच्या सह्या गोळा करून सहकार कायद्याच्या कलम ७६ खाली वेगळ्या विशेष सभेची मागणी करावी. समितीला ती मान्य करावीच लागते.

कायदा_वाचक
मागणी मान्य करावी लागते, परंतु त्यासाठी समितीला एक महिन्याची मुदत असते. येथे सभाच त्यापूर्वी आहे.

मुळाकाठ
एवढ्या तपशिलाची गरज पडेल असे वाटले नव्हते. मी फाटकाबाहेर, पदपथावर उभा होतो. तेथील सफाई आणि दिवाबत्ती महानगरपालिका करते. गट सचिवांनी स्वतःच्या दूरध्वनीवरून तयार केला आहे. सदनिका आईच्या नावावर आहे. ती सभासद आहे, मी नाही. मी जन्मापासून येथे राहतो आणि देखभाल शुल्क मीच भरतो, त्यामुळे यात मला फरक वाटला नव्हता.

कायदा_वाचक
फरक मोठा आहे. आपल्याला तीन ठिकाणी अडवले गेले आणि तिन्ही ठिकाणांचे नियम वेगळे आहेत.

पदपथ सार्वजनिक असेल, तर तेथून आपल्याला हटवण्याचा अधिकार सुरक्षारक्षकाला नाही. १९७२ मध्ये हिम्मतलाल शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की रस्त्यावरील सभांचे नियमन शासन करू शकते, परंतु मनमानीपणे सरसकट मनाई करू शकत नाही. मग ती मनाई सोसायटीला कोठून करता येणार? येणाऱ्याजाणाऱ्यांची वाट न अडवता पुन्हा तेथेच उभे राहावे आणि कोणी अडवल्यास पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. मात्र मालकी कोणाची याला महत्त्व असते. १९६९ मध्ये निरंजन सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने, रेल्वेच्या आवारात कर्मचाऱ्यांना सभा घेण्याचा हक्क नाही, असे ठरवले होते, आणि ती तर शासनाची मालमत्ता होती.

सूचना फलक ही सर्व सभासदांची सामाईक मालमत्ता आहे, सचिवांची नाही, हे मला मनापासून वाटते. तरीही सोसायटीच्या कारभाराविषयीची तक्रार सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकारी न्यायालयात सभासदाने करायची असते. म्हणून आक्षेपांचे पत्र आईच्या सहीने समितीला द्यावे, पोहोच घ्यावी आणि ते सभेच्या इतिवृत्तात नोंदवण्याची मागणी करावी. पुनर्विकासाच्या सभेचे चित्रीकरण करावे लागते, त्यामुळे तेथे बोललेले सहज पुसता येत नाही. सभासदाच्या मुलाला सभासदाच्या लेखी अर्जावरून सहयोगी सदस्य, म्हणजे सभासदाच्या संमतीने त्याचे हक्क बजावणारा सदस्य, होता येते. तो अर्ज आजच द्यावा.

गटाविषयी मात्र उपाय थोडे आहेत. मजकूर व्हॉट्सॲपने काढलेला नसून गटप्रमुखाने आपल्याला काढले आहे. गटात लोकांना घेणे आणि काढणे हा त्याचा अधिकार आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या २०२१ च्या निकालातही गृहीत धरलेले आहे. सभेची अधिकृत सूचना केवळ त्याच गटावर दिली जात असेल, तर तो आईच्या हक्काचा प्रश्न होतो.

सह्याद्री_७२
याचिकेविषयीचे माझे मत कायम आहे, परंतु पदपथाचा मुद्दा मान्य आहे. पत्रकात सचिवांवर व्यक्तिगत आरोप आहेत का? असल्यास बदनामीची फिर्याद होऊ शकते.

मुळाकाठ
शेवटच्या परिच्छेदात सचिव आणि विकसक यांच्या संबंधांविषयी एक वाक्य आहे. ते खरे आहे, परंतु कागदोपत्री पुरावा माझ्याकडे नाही.

जुना_सचिव
ते वाक्य काढून पत्रक नव्याने छापावे, अन्यथा चटईक्षेत्राच्या आकड्यांविषयी कोणीच विचारणार नाही.

मुळाकाठ
काढतो. आईची सही आज रात्री घेतो आणि पत्र उद्या सोसायटीच्या कार्यालयात देतो. पोहोच द्यायला नकार दिला, तर नोंदणीकृत टपाल चालेल का?

कायदा_वाचक
चालेल. पावती जपून ठेवावी आणि एक प्रत सहकार खात्याच्या उपनिबंधकांच्या कार्यालयातही द्यावी.