शब्दचर्चा : ‘न्यूट्रॉन तारा’, ‘पल्सार’ आणि ‘स्पंदक’

विचारणा (विलेपार्ले)

आमच्या शाळेच्या विज्ञान कक्षासाठी ताऱ्यांच्या अंतिम अवस्थांविषयी मराठी तक्ते तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ‘श्वेत बटू’ (सूर्यासारख्या ताऱ्याचा शेवटी उरणारा लहान, दाट गाभा) आणि ‘कृष्णविवर’ हे शब्द आता रुळले आहेत, त्यामुळे तिथे अडचण येत नाही. न्यूट्रॉन ताऱ्यापाशी, म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरणाऱ्या अतिदाट गाभ्यापाशी, मात्र मी अडते. वाचनात ‘पल्सार’, ‘पल्सर’, ‘स्पंदक’, ‘स्पंदतारा’ अशी निरनिराळी रूपे येतात, आणि काही लेखांत ‘न्यूट्रॉन तारा’ व ‘पल्सार’ हे एकाच अर्थाने वापरलेले दिसतात. हे शब्द समानार्थी आहेत का? नसतील, तर कोणता कुठे वापरावा? शिवाय ‘स्पंदक’ लिहिले की तो तारा फुगतो आणि आकसतो, असा मुलांचा समज होतो. तो बरोबर आहे का?

प्रतिसाद (मुलुंड)

ताई, आपला शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण बाकीचे दोन्ही त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत. पल्सार फुगत नाही आणि आकसतही नाही. तो स्वतःभोवती फिरतो. शालेय भूगोलात पृथ्वीसाठी ‘परिवलन’ हा शब्द आहे, तोच इथे नेमका लागू पडतो. ताऱ्याचा चुंबकीय अक्ष त्याच्या परिवलनाच्या अक्षाशी कललेला असतो, चुंबकीय ध्रुवांच्या बाजूने रेडिओ लहरींचे झोत बाहेर पडतात, आणि तारा फिरताना असा झोत पृथ्वीवरून गेला की आपल्या दुर्बिणीत एक ठोका नोंदला जातो. दीपगृहाचा फिरता झोत दूरच्या बोटीवरून पाहिला तर दिवा लुकलुकल्यासारखा वाटतो, तसेच हे आहे; फरक एवढाच की दीपगृहाचा मनोरा जागचा हलत नाही आणि इथे अख्खा तारा फिरत असतो. तेव्हा स्पंदन आहे ते आपल्याकडे पोहोचणाऱ्या संकेताचे. ताऱ्याच्या देहाला ते लावता येत नाही.

मग नावात स्पंदन आले कसे, हे सांगितले पाहिजे, कारण हा शब्द तयार झाला तेव्हा त्या वस्तूचे खरे स्वरूप कोणालाच ठाऊक नव्हते. १९६७ साली केंब्रिजजवळ साडेचार एकरांवर खांब रोवून आणि धातूच्या तारा ताणून केलेल्या रेडिओ दुर्बिणीचे निरीक्षण जोसेलिन बेल ही संशोधक विद्यार्थिनी करत होती. दुर्बिणीचे संकेत लेखणीने कागदाच्या पट्टीवर उमटत आणि दररोज सुमारे ३० मीटर कागद साठे. तो सगळा ती डोळ्यांनी तपासत असे. शेकडो फूट कागदात जेमतेम पाव इंच जागा व्यापणारी एक खरखरीत खूण तिला वेगळी वाटली. ती पृथ्वीवरच्या यंत्रांच्या व्यत्ययासारखी नव्हती आणि नेहमीच्या रेडिओ स्रोतासारखीही नव्हती. मुख्य म्हणजे ती आकाशाच्या त्याच भागातून पुन्हा पुन्हा येत होती. नोव्हेंबरच्या अखेरीस कागद जास्त वेगाने सरकवून नोंद घेतली, तेव्हा त्या खुणेचे सुटे ठोके झाले आणि प्रत्येक दोन ठोक्यांमध्ये सुमारे १.३३७ सेकंदांचे अंतर निघाले, तेही विलक्षण नियमित. डिसेंबरमध्ये आकाशाच्या दुसऱ्याच भागात असाच दुसरा स्रोत तिला सापडला आणि हा एखाद्या परग्रहवासीयांचा संदेश असावा ही शंका मागे पडली.

फेब्रुवारी १९६८ मध्ये या शोधाचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात ‘वेगाने स्पंदन पावणारा रेडिओ स्रोत’ अशा अर्थाचे शब्द होते, आणि स्पष्टीकरण म्हणूनही श्वेत बटू किंवा न्यूट्रॉन तारा स्वतः स्पंदन पावत असावा, अशी शक्यता मांडलेली होती. ‘पल्सार’ हे नाव त्याच वर्षी एका इंग्रजी वृत्तपत्राच्या विज्ञान वार्ताहराने रूढ केले. पुढे काही महिन्यांत स्पष्टीकरण बदलले. नाव तेवढे राहिले. (या शोधासाठी १९७४ साली नोबेल पारितोषिक बेल यांचे मार्गदर्शक अँटनी हेविश यांना मिळाले, बेल यांना नाही. तक्त्यावर शोधकर्तीचे नाव ठळक अक्षरांत असावे, असा माझा आग्रह राहील.)

स्पष्टीकरण का बदलले, हे मुलांना सांगण्याजोगे आहे. १९६८ च्या अखेरीस वृषभ राशीतल्या खेकडा तेजोमेघात सेकंदाला सुमारे ३० ठोके देणारा पल्सार सापडला. श्वेत बटू इतक्या वेगाने स्पंदन पावू शकत नाही, आणि इतक्या वेगाने फिरला तर त्याचे तुकडे होतील. न्यूट्रॉन तारा स्पंदन पावला, तर ते स्पंदन सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात होईल. त्यात बेल यांचा सव्वा सेकंदाहून मोठा काळ बसत नाही. म्हणजे दोन्ही टोकांना स्पंदनाची कल्पना अपुरी पडते. न्यूट्रॉन ताऱ्याचे परिवलन धरले, तर मात्र दोन्ही काळ सहज बसतात. त्यातच असे आढळले की खेकडा तेजोमेघातल्या पल्साराच्या दोन ठोक्यांमधला काळ रोज सुमारे ३६ अब्जांश सेकंदाने लांबतो आहे. फिरणारी वस्तू ऊर्जा गमावत गेली तर नेमके हेच होते, आणि तेजोमेघ उजळत ठेवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढीच या मंदावण्यातून सुटते, हा हिशेबही जुळला. टॉमस गोल्ड यांनी १९६८ सालीच फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्याची मांडणी केली होती. तिच्यावर यानंतर फारसा वाद उरला नाही.

जाता जाता, या तेजोमेघाला ‘कर्क तेजोमेघ’ म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो कर्क राशीत नाही, आणि ‘कर्क’ वाचून मुले आकाशात भलत्याच ठिकाणी शोधतील. ‘खेकडा तेजोमेघ’ किंवा सरळ ‘क्रॅब तेजोमेघ’ लिहावे.

आता आपला मूळ प्रश्न. ‘न्यूट्रॉन तारा’ हे नाव वस्तू कशाची बनली आहे ते सांगते. ‘पल्सार’ हे नाव ती आपल्याला कशी दिसते ते सांगते. एकाच वस्तूला दोन्ही नावे लागू शकतात, पण म्हणून ती समानार्थी होत नाहीत. एखाद्या न्यूट्रॉन ताऱ्याचा झोत पृथ्वीच्या वाटेवर कधीच येत नसेल, तर तो आपल्यासाठी पल्सार नाही. कॅसिओपिया ए या अतिनवताऱ्याच्या (स्फोट होऊन संपलेल्या ताऱ्याच्या) अवशेषात मधोमध न्यूट्रॉन तारा आहे, पण त्याचे ठोके मिळालेले नाहीत. शिवाय परिवलन मंदावत जाऊन एका मर्यादेखाली आले की रेडिओ झोत थांबतो. तारा जागेवर राहतो आणि पल्सार संपतो. आजवर ३,००० हून अधिक पल्सार नोंदले गेले आहेत, तरी आपल्या दीर्घिकेतल्या एकूण न्यूट्रॉन ताऱ्यांचा तो फारच लहान भाग आहे.

प्रतिसाद (गिरगाव)

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, पण ‘स्पंदक’ टाळण्याचे आणखी एक कारण नोंदवतो. खरोखर फुगणारे आणि आकसणारे तारे वेगळे आहेत. रूपविकारी ताऱ्यांपैकी सेफिड प्रकारचे तारे काही दिवसांच्या काळात आकाराने कमीजास्त होतात आणि त्यानुसार त्यांची तेजस्विता बदलते. ‘स्पंदनशील तारे’ हा शब्द त्यांच्यासाठीच राखून ठेवावा. दोन्हीकडे स्पंदन हा शब्द आला, तर विद्यार्थी या दोन घटनांची सरमिसळ करणारच. स्वतंत्र मराठी प्रतिशब्द घडवण्याला माझा एरवी पाठिंबा असतो. इथे मात्र ‘पल्सार’ ठेवावा, कारण मूळ शब्दातला चुकीचा अर्थ मराठी वाचकाच्या कानाला जाणवत नाही आणि तो निव्वळ नाव म्हणून चालून जातो. ‘पल्सर’ लिहिले की आपल्याकडे आधी मोटारसायकल आठवते, म्हणून दीर्घ ‘सा’ असलेले रूप सोयीचे.

प्रतिसाद (दादर)

‘नाडीतारा’ असा शब्द मी एके काळी वापरत असे. ठोक्यांची नियमितता आणि त्यांवरून आतल्या प्रकृतीचा अंदाज घेणे, हे दोन्ही त्यात येते. त्याचा विचार व्हावा.

प्रतिसाद (गिरगाव)

काका, शब्द सुबक आहे, पण तारा आणि नाडी हे शब्द शेजारी आले की मराठी वाचक थेट पत्रिकेतल्या एक-नाडीकडे किंवा नाडीज्योतिषाकडे वळतो. खगोलशास्त्राच्या शब्दाला फलज्योतिषाची सावली पडू नये, एवढ्यासाठी मी तो घेणार नाही.

प्रतिसाद (मुलुंड)

‘न्यूट्रॉन तारा’ या शब्दाविषयी थोडे लिहायचे राहिले होते. जेम्स चॅडविक यांनी १९३२ साली न्यूट्रॉन शोधला आणि पुढच्या दोन वर्षांतच वॉल्टर बाडे व फ्रिट्झ झ्विकी यांनी अतिनवताऱ्याच्या स्फोटातून न्यूट्रॉनचा तारा उरत असावा, अशी कल्पना मांडली. म्हणजे हे नाव पल्साराच्या शोधाआधी तीन दशकांहून जुने आहे. त्याच्याही आधीचा एक दुवा मुंबईशी जुळतो. जुलै १९३० च्या अखेरीस १९ वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबई बंदरातून बोटीने इंग्लंडला निघाले आणि श्वेत बटूच्या वस्तुमानाला कमाल मर्यादा असते, या निष्कर्षाकडे नेणारे गणित त्यांनी त्या प्रवासात केले. ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट आहे. मोठ्या ताऱ्याचा लोखंडी गाभा ती ओलांडतो, तेव्हा तो कोसळतो, इलेक्ट्रॉन प्रोटॉनमध्ये दाबले जातात आणि न्यूट्रॉन तयार होतात. हजारो किलोमीटरचा गाभा २० ते २५ किलोमीटर व्यासात येतो. कोनीय संवेग (फिरणाऱ्या वस्तूचा आवेग) कायम राहत असल्याने मूळचे संथ परिवलन प्रचंड वेगवान होते, आणि चुंबकीय क्षेत्रही त्याच प्रमाणात आवळले जाऊन पृथ्वीच्या क्षेत्राच्या अब्जावधी पट होते. अशा ताऱ्यातला एक घन सेंटिमीटर पदार्थ सरासरीने सुमारे ४० कोटी टन भरतो.

तक्त्यावर ‘हा तारा फक्त न्यूट्रॉनचा बनलेला असतो’ असे वाक्य मात्र लिहू नये. बाहेरच्या कवचात लोखंडासारखी अणुकेंद्रके आणि इलेक्ट्रॉन असतात, आतही थोडे प्रोटॉन व तितकेच इलेक्ट्रॉन असावे लागतात. सुटा न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांत विघटित होतो. ताऱ्यात तो टिकतो, कारण विघटनातून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनला जायला ऊर्जेची रिकामी अवस्थाच उरलेली नसते. ‘मुख्यतः न्यूट्रॉनचा’ एवढे म्हटले की पुरे.

विचारणा (विलेपार्ले)

फार उपयोग झाला. आणखी दोन शंका आहेत. बातम्यांत ‘पल्साराचा आवाज ऐकू आला’ असे लिहितात, ते चालेल का? आणि पल्साराच्या गतीत अचानक होणाऱ्या बदलाला (इंग्रजीत ‘ग्लिच’) ‘बिघाड’ म्हणावे का?

प्रतिसाद (मुलुंड)

दोन्ही नको. अवकाशातून ध्वनी येत नाही. येतात त्या रेडिओ लहरी. जुन्नर तालुक्यात खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे पुण्यातील केंद्र ती चालवते, आणि पल्सारांचे निरीक्षण हे तिचे एक प्रमुख काम आहे. तिथे या लहरींची नोंद होते. त्या नोंदीचे ध्वनीत रूपांतर करून लोकांना ऐकवता येते, पण मग वाक्यात ‘रूपांतर’ हा शब्द असला पाहिजे. ‘संकेत मिळाला’, ‘ठोका नोंदला’ ही क्रियापदे बिनधोक वापरावीत.

‘बिघाड’ या शब्दात काहीतरी नादुरुस्त झाल्याचा भाव आहे, आणि इथे तसे काही झालेले नसते. व्हेला पल्सार सेकंदाला सुमारे ११ वेळा फिरतो. १९६९ साली असे दिसले की मंदावत चाललेले त्याचे परिवलन एकाएकी किंचित वाढले. त्यानंतर अशा घटना त्याच्यात अनेकदा घडल्या. ताऱ्याच्या आत न्यूट्रॉनचा अतिप्रवाही द्रव घर्षणाशिवाय फिरत असतो, त्यामुळे बाहेरचे कवच मंदावते तसा तो मंदावत नाही. साठलेला हा फरक अधूनमधून एकदम कवचाकडे जातो आणि कवच वेग घेते, असे मानले जाते. यासाठी मी ‘आकस्मिक वेगवाढ’ लिहितो. लांब आहे, पण घडते ते नेमके सांगते.

‘मिलिसेकंद पल्सार’ मात्र तसाच ठेवावा. कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यांचा ज्या गटात सहभाग होता, त्या गटाने १९८२ साली पहिला मिलिसेकंद पल्सार शोधला. तो सेकंदाला सुमारे ६४२ वेळा फिरतो. एवढ्या परिवलनात त्याच्या विषुववृत्तावरचा बिंदू प्रकाशाच्या वेगाच्या साधारण सहाव्या हिश्शाइतक्या वेगाने जातो. असे तारे जन्मतः वेगवान नसतात. सोबतच्या ताऱ्याकडून पदार्थ ओढून घेताना त्यांना पुन्हा वेग मिळालेला असतो, म्हणून ‘सर्वांत वेगवान म्हणजे सर्वांत तरुण’ असे वाक्य तक्त्यावर येऊ देऊ नका.

प्रतिसाद (गिरगाव)

व्याकरणाचे एक टिपण जोडतो. ‘पल्सार’ पुल्लिंगी धरावा आणि अनेकवचनही ‘पल्सार’च ठेवावे. सामान्यरूप ‘बाजार, बाजाराचा’ याप्रमाणे ‘पल्साराचा’, ‘पल्सारांचे’ असे करावे. ‘पल्सारचा’ बोलण्यात चालतो, पण छापील तक्त्यात एकच रूप पाळलेले बरे. ‘न्यूट्रॉन तारा’ हे दोन शब्द वेगळे लिहावेत आणि विभक्ती दुसऱ्यालाच लागावी, म्हणजे ‘न्यूट्रॉन ताऱ्याचे कवच’, ‘न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर’. ‘मॅग्नेटार’ या अतितीव्र चुंबकीय क्षेत्राच्या न्यूट्रॉन ताऱ्यांसाठी ‘चुंबकतारा’ हा शब्द मला पटतो, कारण तिथे नावातला अर्थ आणि वस्तूचा गुण एकच आहेत. त्याचे रूप ‘चुंबकताऱ्याचा’ असे होईल.