अनुभव धागा: पाहुण्यांपुढं खारं काय? सांबारवडी आणि पॅटिस

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आपल्याकडे पाहुण्यांचा राबता असतो. डब्यातला चिवडा-शेव आहेच, पण पानं मांडायच्या आधी गरम, खारं, कुरकुरीत काही समोर ठेवायचं म्हटलं की दोन नावं निघतात. एक जुनी सांबारवडी, आणि घरात ओव्हन आल्यापासून दुसरं पॅटिस. एक कढईतलं, एक भट्टीतलं. बिघडतात मात्र दोन्ही एकाच कारणानं: नको तिथं राहिलेलं पाणी. म्हणून धागाही एकच काढला. मापं ग्रॅममध्ये द्या. बिघडलं ते काहून बिघडलं, हे आवर्जून लिहा. कौतुकाचे फोटो नंतर.

(सांबार म्हटल्यावर ज्यांना इडली आठवते त्यांच्यासाठी: वऱ्हाड-नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर.)

आर्वीहून

सुरुवात सांबारवडीनं करते. २० वड्यांचं माप.

पारी: बेसन २५० ग्रॅम, कणिक १२५, मैदा १२५, मीठ ८ ग्रॅम, हळद अर्धा चमचा, तिखट एक चमचा, हातावर चोळलेला ओवा. कडकडीत मोहन ६० मिली. मोहन पिठाला नीट चोळल्यावर मूठ वळली पाहिजे. पाणी १७५ ते २०० मिली लागतं, पण एकदम ओतू नका. बेसन आधी कोरडं वाटतं आणि दहा मिनिटांनी सैल पडतं. पुरीपेक्षा घट्ट भिजवून ओल्या फडक्याखाली २० मिनिटं ठेवायचं.

सारण: निवडलेला सांबार ३०० ग्रॅम, किसून भाजलेलं सुकं खोबरं ७५, खसखस २५, तीळ २५, चारोळी २५, हिरवी मिरची ५-६, लसूण १५ पाकळ्या, आल्याचा तुकडा, चिमूट साखर. मीठ सगळ्यात शेवटी.

सांबार आदल्या रात्री धुवून सुती धोतरावर पसरून ठेवा. सकाळी मुठीत दाबल्यावर तळवा कोरडा राहिला तरच चिरा, आणि चिरताना सुरी धारेची हवी. बोथट सुरीनं पानं चेंगरतात, रस सुटतो. मिक्सरचं तर नावच काढू नका.

दर्यापूरहून

मीठ शेवटी म्हणजे नेमकं केव्हा, हे लिहायला हवं होतं. मिठानं पानांतलं पाणी बाहेर ओढलं जातं. २० वड्यांच्या सारणात एकदम मीठ घातलं तर दहावी वडी भरेपर्यंत तळाला हिरवं पाणी जमतं आणि पुढच्या दहाही वड्या तेलात फुटतात. म्हणून सारणाचे चार भाग करा, पाच वड्यांपुरत्याच भागात मीठ घाला, भरा, मग पुढचा भाग घ्या.

मैद्याबद्दल मतभेद आहे. मैदा घातला की पारी लवचीक होते, घडी चांगली बसते, हे खरं. पण थंड झाल्यावर तीच वडी चिवट लागते. पाहुणे वेळेवर येणार असतील तर मैदा घाला. "निघालोच" म्हणून दोन तासांनी येणारे असतील तर बेसन आणि कणिक निम्मं-निम्मं, मैदा नाही.

पांढरकवड्याहून

चिंचेचा हात विसरू नका, जी. पारी लाटली की आतून लावायचा लेप: दाट चिंचेचा कोळ ३ चमचे, तेल २ चमचे, काळा मसाला १ चमचा, तिखट अर्धा. बोटानं पुसट फिरवायचा, थापायचा नाही. कोळ पातळ असला तर पारी आतून भिजते आणि तळल्यावर आतला पापुद्रा पिठूळ राहतो. वडी कच्ची लागते ती बहुतेक वेळा याच्यामुळं, आणि दोष मात्र आचेला दिला जातो.

चारोळीबरोबर गोडंबी (बिब्याच्या आतला गर) घालत असाल तर दुकानातली साफ केलेली, पांढरीच घ्या. घरी बिबे फोडून काढायच्या फंदात पडू नका, टरफलातलं तेल अंगावर उततं.

साकोलीहून

घडीचं कोणी सविस्तर लिहील का? वड्या तळताना तोंड उघडतात.

पांढरकवड्याहून

३८ ग्रॅमचा गोळा, १५ सेंटिमीटर लांब आणि १२ रुंद लाटायचा. मध्यापेक्षा कडा पातळ हव्यात, कारण कडांवरच दुहेरी-तिहेरी थर येणार असतात. मधोमध दोन मोठे चमचे सारण आडवं पसरून बोटांनी दाबायचं, मोकळं सोडलं की आत हवा राहते. एक लांब कड सारणावर आणा, दुसरीच्या काठाला पाण्याचं बोट लावून ती पहिलीवर एक सेंटिमीटर चढवा. आता हाताखाली दाबून आतली हवा दोन्ही टोकांकडून बाहेर काढायची, आणि हे झाल्यावरच टोकं पुडीसारखी खाली दुमडायची. म्हणून तर हिला पुडाची वडी म्हणतात. तोंड उघडतं ते हवा आत अडकल्यानं किंवा कडेला तेलाचा लेप लागल्यानं. तेलकट कड पाण्यानं चिकटत नाही. लेप कडेपासून दीड सेंटिमीटर आत थांबवा.

भरलेल्या वड्या घडी खाली करून ताटात ठेवा आणि तेलातही घडीवरच सोडा.

दर्यापूरहून

तळण. फल्ली (शेंगदाणा) तेल, मध्यमपेक्षा थोडी कमी आच. पिठाची गोळी टाकली की ती तळाला जाऊन हळूहळू वर यावी, हे साधारण १६० अंश. लगेच उसळली तर तेल जास्त तापलंय, वडी बाहेरून लाल आणि आतून कच्ची होईल. तळालाच बसून राहिली तर वडी तेल पिईल. एका वेळी कढईत चारच, सहा-सात मिनिटं. बुडबुडे मंदावले म्हणजे पारीतलं पाणी गेलं. रंगापेक्षा बुडबुड्यांकडे लक्ष द्या, हळदीमुळं रंग फसवतो.

पाहुणे उशिरा येणार असतील तर सकाळी चार मिनिटं फिकट तळून जाळीवर पसरून ठेवा, झाकू नका. संध्याकाळी मोठ्या आचेवर दोन मिनिटं. दुसऱ्या तळणीनं पारी उलट जास्त खुसखुशीत होते.

उमरेडहून

पॅटिसकडे वळू या. पफचं (पदर सुटणारं) पीठ घरी होतं, पण घाईनं होत नाही. मैदा ५००, मीठ १० ग्रॅम, थंडगार पाणी २६०-२७० मिली, लिंबाचा रस एक चमचा, पिठात घालायला लोणी ५० आणि घडीत घालायला ३५० ग्रॅम. लिंबामुळं मैद्याचा ताण सैल पडतो आणि लाटताना पीठ मागं ओढलं जात नाही.

घडीचं लोणी दोन प्लास्टिकच्या कागदांत ठेवून १८ सेंटिमीटरचा चौरस करा, जाडी साधारण १.२ सेंटिमीटर. पीठ २६ सेंटिमीटर चौरस लाटून त्यावर लोणी तिरपं ठेवायचं आणि चारी कोपरे पाकिटासारखे आत आणायचे. मग २० बाय ६० लाटून तीन पदरी घडी. अर्धा तास फ्रिज. पीठ आडवं फिरवून पुन्हा तेच, एकूण पाच वेळा. पाच घड्यांत लोण्याचे २४३ थर होतात, सहाव्या घडीला ७२९. आपल्या पॅटिसला पाच पुरतात. सहावीला हात दमतो आणि थर इतके पातळ होतात की फाटून एकमेकांत मिसळतात.

पदर फुलतात ते सोड्यानं नाही. पिठातल्या आणि लोण्यातल्या पाण्याची वाफ होते, वाफेला पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते, आणि मधला स्निग्ध थर पदरांना चिकटू देत नाही. म्हणून पाणी दुश्मन नाही. सारणातलं पाणी दुश्मन आहे.

मूलहून

लोण्याबद्दल थोडं वेगळं. लोणी आणि पीठ दोन्ही सारखंच मऊ हवं, बोटानं दाबलं तर दोन्हींत सारखा खळगा पडावा. लोणी जास्त कडक असलं तर लाटताना आत काचेसारखं तडकतं आणि तुकड्यांच्या जागीच पदर सुटतात, बाकी पोळी. जास्त मऊ झालं तर मैद्यात मुरतं, आणि पॅटिसऐवजी नानकटाईसारखं ठिसूळ काहीतरी निघतं.

दिवाळीत आपल्याकडे दुपारी ३० अंशांच्या वर असतं आणि लोणी ३२ ते ३५ ला वितळतं. म्हणजे दुपारी हात घालायचाच नाही. पहाटे पाचला लाटायला बसा. ओट्यावर बर्फाच्या पाण्याची परात दहा मिनिटं ठेवून, ओटा कोरडा पुसून त्यावर लाटा. डिसेंबर-जानेवारीत काम सोपं असतं.

बेकरीवाले जे पफ मार्जरिन वापरतात ते जास्त तापमानाला वितळतं, म्हणून उन्हाळ्यातही त्यांची खारी फुलते. पण तोंडातही ते लवकर विरघळत नाही, टाळूला मेणचट थर राहतो. अर्धं लोणी, अर्धं मार्जरिन हा मधला मार्ग. घरचं ताकातून काढलेलं ताजं लोणी घडीत वापरू नका, त्यात पाणी जास्त आणि कमी-अधिक असतं.

वरूडहून

सारण: हिवाळ्यात आलू-वाटाण्यापेक्षा सोले घ्या. तुरीचे हिरवे दाणे ३०० ग्रॅम पाच-सहा मिनिटं वाफवून जाडसर ठेचा. आलू ५०० ग्रॅम सालासकट उकडून, सोलून, पूर्ण गार करून कुस्करा. कांदा १५० ग्रॅम तेलात लालसर होईपर्यंत परता, मग मिरचीचा ठेचा, जिरं, हळद, सोले, शेवटी आलू. कढईच्या कडा सुटेपर्यंत परतत राहायचं. टमाटं अजिबात नाही. लिंबू पिळायचं तर गॅस बंद करायच्या आधी, म्हणजे तेवढा ओलावाही उडतो. सारण परातीत पसरून थंडगार होऊ द्या. कोमट सारणानं खालचा पदर ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळतो आणि पॅटिसचं बूड शिऱ्यासारखं होतं.

उमरेडहून

पीठ साडेतीन मिलिमीटर लाटून, कडा छाटून १० सेंटिमीटरचे २४-२५ चौकोन निघतात. प्रत्येकी ३५ ग्रॅम सारण. कडा छाटणं वाया घालवणं नाही. दुमडलेली कड तशीच ठेवली तर पदर तिथं बंदच राहतात. सुरी वरून खाली दाबायची, ओढायची नाही. वरून दूध लावताना ते कापलेल्या बाजूंवर ओघळू देऊ नका, पदर चिकटतात आणि पॅटिस एका अंगानं तिरपं फुलतं. छाटलेले तुकडे एकावर एक रचून लाटा (गोळा करू नका), ओवा-मीठ भुरभुरून खारी भाजा.

रिसोडहून

लहान ओव्हनची खरी अडचण व्होल्टेजची. संध्याकाळी गावात दाब उतरतो, बटण २२० अंशांवर असतं आणि आत १८० अंशसुद्धा नसतं. पॅटिस मग फुलायच्या आधी वितळतं आणि ट्रेमध्ये तुपाचं तळं दिसतं. आत ठेवायचा छोटा तापमापक आणा, बटणावर विश्वास ठेवू नका. शक्यतो दुपारी भाजा.

ओव्हन २० मिनिटं २२० ला तापवा. भरलेले पॅटिस १५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून थेट आत घाला. २१० ला १५ मिनिटं, मग १८० ला १० ते १२. पहिली १२ मिनिटं दार उघडायचं नाही. वरून रंग आला म्हणून घाईनं काढलं तर आतले पदर ओले राहतात आणि पाच मिनिटांत पॅटिस बसतं. उचलून पाहा, तयार पॅटिस हाताला हलकं लागतं.

बाजारची गोठवलेली शीट आणली तर ती रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्या, ओट्यावर नाही. घरी येईपर्यंत एकदा वितळून परत गोठलेली असेल तर ती फुलणार नाही. गावाला पोचायला दोन तास लागत असतील तर बर्फाच्या डब्यातच आणा.

साकोलीहून

ओव्हन नाही. कुकरमध्ये किंवा मिठाच्या कढईत होईल का?

मेहकरहून

नका करू. खालून भाजतं, वरून वाफवतं, पदर चिकटून बसतात. ओव्हन नसेल तर साट्याचे तळलेले पॅटिस करा, चिरोट्याच्याच रीतीनं.

मैदा २५०, मीठ, मोहन दोन चमचे, घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवा. साटा: डालडा ६० ग्रॅम हातानं पांढरा होईपर्यंत फेसून त्यात तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोअर ४० ग्रॅम. सहा पातळ पोळ्या लाटा. तीन पोळ्यांची एक चळत, प्रत्येक पोळीवर साटा. आवळून गुंडाळी करा, दोन सेंटिमीटरचे तुकडे. तुकडा कापलेल्या बाजूवर उभा ठेवून बोटानं दाबा आणि आठ सेंटिमीटरपर्यंत हलक्या हातानं लाटा. अर्ध्या भागात सारण, कडेला पाणी, दुमडून दाबा. १५-१६ होतात.

आच अगदी मंद, आठ-दहा मिनिटं. मोठ्या आचेवर बाहेरचा पदर कडक होतो आणि आतले उघडतच नाहीत. अगदीच गार तेलात टाकले तर साटा वितळून तेलात उतरतो आणि तेल फेसाळतं. गुंडाळी सैल असली तरी तेच होतं.

काटोलहून

कोणी सांबाराचं सारण पफमध्ये भरून चक्र्या करतात. दिसतात सुंदर, पण ते सारण जसंच्या तसं वापरू नका. कढईतल्या तळणीत पाणी उडून जातं, ओव्हनमध्ये ते पदरांतच अडकतं. सांबार दोन चमचे तेलात तीन-चार मिनिटं परतून, गार करून, त्यात भाजलेल्या खोबऱ्याचं प्रमाण दुप्पट करा. पसरून गुंडाळी करा, अर्धा तास फ्रिज, मग दीड सेंटिमीटरच्या चकत्या. २०० ला २० मिनिटं. गुंडाळीचं टोक चकतीच्या खाली दाबून ठेवा, नाहीतर भाजताना उलगडतं.

आर्वीहून

वडीबरोबर ताकाची कढी हवीच. एक लिटर ताकाला बेसन दोन चमचे, पातळच ठेवा, पहिली उकळी येईपर्यंत डाव थांबवू नका, नाहीतर फाटते. मीठ उकळी आल्यावर. कढी वाटीत वेगळी द्यायची, वडीवर ओतायची नाही.

रिसोडहून

उरलेलं पॅटिस दुसऱ्या दिवशी १६० ला सात-आठ मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये घातलं की ब्रेडसारखं लोळतं. सांबारवडी उरली तर झाऱ्यानं दाबून कोरड्या तव्यावर, मंद आचेवर, दोन्ही बाजूंनी.