विषय: शाळेची मॅट, रविवारपर्यंत ठरवा

प्रेषक: चिटणीस

सर्वांना नमस्कार,
काल रात्री गावच्या शाळेतल्या सरांचा फोन आला. क्रिकेटच्या खेळपट्टीवर अंथरायची मॅट गेली. पावसाळाभर ग्रंथालयाच्या खोलीत जमिनीवर पडून होती, खालून वाळवी लागली. उलगडली तर हातभर भोक, तेही नेमकं गुड लेंग्थवर, म्हणजे चांगल्या चेंडूचा टप्पा पडतो तिथेच. १४ आणि १७ वर्षांखालचे दोन्ही संघ सध्या चोपलेल्या मातीवर नेट करतायत. तालुक्याचे सामने दसऱ्याच्या आसपास लागतील.

सरांनी दोन पर्याय दिलेत. एक, सिमेंटची खेळपट्टी कायमची बांधायची. दोन, मुरूम दाबून त्यावर नवी काथ्याची मॅट. परदेशातल्या आपल्या मंडळाने गणपतीत बोलून ठेवलेली रक्कम एकालाच पुरेल. टी-शर्टचा विषय कृपया पुन्हा काढू नये.

— ताई


प्रेषक: अण्णा, दोहा

सिमेंट. यात विचारायचं काय आहे? दर दोन-तीन वर्षांनी मॅट कुजणार आणि आपण पुन्हा मेल लिहीत बसणार. गेल्या वेळी मी हेच सांगितलं होतं, कोणी ऐकलं नाही. शालेय स्पर्धांचं वेळापत्रक सगळ्या राज्याला साधारण एकच असतं. आपल्याकडे सप्टेंबर अखेरपर्यंत मैदानात चिखल. रत्नागिरी जिल्हा पडतो कोल्हापूर विभागात. म्हणजे जिल्हा जिंकून पुढे गेलं की समोर कोल्हापूर, सांगली, साताऱ्याची पोरं, आपल्यापेक्षा महिनाभर तरी जास्त सराव करून आलेली. सिमेंटवर पाऊस थांबला की फडकं मारून तासाभरात नेट सुरू. मुरूम वाळायला आठवडा जातो.


प्रेषक: बापू, खजिनदार

सिमेंट की मॅट हे नंतर. पैसे कसे जाणार ते आधी.

मंडळ इथे परदेशात नोंदलेलं आहे, म्हणजे भारताच्या कायद्याने आपण परदेशी संस्था. २०१० च्या विदेशी योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय शाळेच्या संस्थेला आपला चेक घेता येत नाही. आणि नोंदणी असली तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात. शाळेच्या संस्थेची नोंदणी नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे या कायद्यात येत नाहीत. तेव्हा ज्याचे त्याने आपल्या खात्यातून थेट संस्थेला पाठवावेत आणि पावती घ्यावी. सगळ्यांचे माझ्या खात्यात गोळा करून मी पुढे पाठवणार नाही. कोणी आग्रह करू नये.


प्रेषक: काका, टोरांटो

बापू, म्हणजे आम्ही ज्यांनी इकडचा पासपोर्ट घेतला ते परके? त्याच शाळेत मी सातवीपर्यंत पाट्या पुसल्यात. डिसेंबरात येतोच आहे, बॅगेतून चार बॅट आणि पॅड आणले तर चालतील ना?


प्रेषक: बापू, खजिनदार

काका, राग मानू नका, कायदा मी केलेला नाही. वस्तूही त्यात येतात. संस्थेच्या नावाने बॅट देऊ नका. तुमच्या सख्ख्या पुतण्याला काकाने बॅट दिली तर तो घरचा मामला.


प्रेषक: धाकटा भाऊ, मस्कत

अण्णांनी सिमेंटवर सीझन बॉल, म्हणजे चामड्याचा कडक चेंडू, खेळून पाहिलाय का? मी याच शाळेच्या संघातून तीन मोसम खेळलोय. उघड्या सिमेंटवर चेंडूची शिवण एका नेटमध्ये जाते. उसळी इतकी, की चौदा वर्षांचा मुलगा मागच्या पायावरच अडकतो आणि पुढे येऊन खेळायचं विसरतो. फास्ट बोलरच्या टाचा आणि गुडघे जातात ते वेगळंच. गेल्या वर्षी जिल्ह्याचे सामने मॅटवर झाले. सिमेंटवर तयार झालेली आमची पोरं तिथे चेंडू थांबून आला की हवेत मारून बाद होणार.

दुसरं, आणि माझ्या मते हेच मोठं. सिमेंटची पट्टी दिसली की दर रविवारी वाडी-वाडीच्या टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा तिथे लागणार. रोख बक्षीस, मालिकावीराला सायकल. शाळेची पोरं आत्ताच त्यात ओढली जातायत. टेनिस बॉलला आडव्या बॅटने लेगला ओढायची सवय लागली की सीझन बॉलला सरळ बॅट येत नाही. सर वर्षभर घासून जे बसवतात ते दोन रविवारी सुटतं. मॅट शाळेची, कुलूप शाळेचं. सिमेंटला कुलूप घालता येत नाही.

मॅट कुजते कारण आपण तिची घडी घालून ती जमिनीवर ठेवतो. बांबूवर गुंडाळून आढ्याला टांगली तर काथ्या सहज टिकतो. खिळेही बघून आणा. खाऱ्या हवेत साधे खिळे गंजतात, डोकी तुटतात आणि मॅटची कड वर येते. माझ्या वेळी आमच्या यष्टिरक्षकाचा ओठ अशाच कडेवरून उडालेल्या चेंडूने फाटला होता. मॅट ताणून बसवली पाहिजे. सैल राहिली की चेंडू भलताच वळतो आणि आपल्या फिरकीवाल्याला वाटतं, आपण फार मोठे झालो.


प्रेषक: वहिनी, बहारीन

भावजी, तुमचं सगळं पटलं. पण दोन्ही मेलमध्ये पोरं म्हणजे फक्त मुलगेच का? शालेय स्पर्धा मुलींच्याही असतात. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला. त्याच आठवड्यात माझ्या भाचीने सरांना विचारलं, आमचा संघ कधी? सर म्हणाले, मैदान रिकामं नसतं. मैदान कोणामुळे रिकामं नसतं ते आत्ताच वाचलं.

मुलींचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा असतो, पुरुषांचा १५५.९ ते १६३. तेरा वर्षांखाली आणखी हलका, १३३ ते १४४. सर सगळ्यांना एकाच डब्यातला मोठा चेंडू देतात. पाचवी-सहावीची मुलं त्याला घाबरून बाजूला होतात आणि मग म्हणायचं, यांच्यात दम नाही. मॅटच्या पैशातून दोन डबे हलके चेंडू घ्याच.


प्रेषक: काका, टोरांटो

चेंडूचं वजन वगैरे ठीक आहे. आमच्या वेळी एकच चेंडू होता, तो खाडीत जायचा आणि आम्ही पोहून आणायचो. सामन्याला रत्नागिरीला जायचं म्हणजे चिपळूणचा वळसा. आता तवसाळ-जयगड फेरीबोटीत टेम्पोसकट चढतात, पोरांचं नशीब. आणि कोकणातला मुलगा क्रिकेटमध्ये काय करणार असं कोणी म्हणू नये. सचिनचे गुरू आचरेकर सर मूळचे मालवणचे. १९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत ६६४ ची भागीदारी केली ते सचिन आणि विनोद कांबळी दोघेही त्यांचेच शिष्य.


प्रेषक: अण्णा, दोहा

काका, ते मुंबईत शिकवत होते, मुंबईच्या मैदानांवर. आपला जिल्हा पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनखाली येतो. आपल्या मुलाने निवड चाचणीला जायचं तर घाट चढावा लागतो. म्हणूनच म्हणतो, इथे काहीतरी कायमचं असू दे.

धाकट्याचा टेनिसचा मुद्दा मला मान्य आहे, ते मी धरलं नव्हतं. मग सिमेंटवर मॅट का नाही? मुंबईत कित्येक ठिकाणी असंच असतं. या वर्षी मॅट, पुढच्या वर्षी खाली सिमेंट. पण सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, वरच्या मैदानात जेसीबी लावायचं कोणाच्या मनात असेल तर माझा विरोध आहे. रत्नागिरीच्या सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत. कातळ कोणी नीट पाहिल्याशिवाय खरवडू नये. खालचंच मैदान बरं.


प्रेषक: धाकटा भाऊ, मस्कत

खालचंच. सड्यावर मुरूम टिकतही नाही, पहिल्या पावसात वाहून जातो. पण पुढच्या वर्षी सिमेंट आलं की टेनिसवालेही येणारच. त्याचं काय ते तेव्हा पुन्हा बोलू, मी विसरणार नाही.


प्रेषक: चिटणीस

मंडळी, सरांशी पुन्हा बोलले. मॅट घेऊया. काथ्याचीच, तागाची नको, ताग आपल्या दमट हवेत लवकर कुजतो. खिळे गॅल्व्हनाइज्ड. ग्रंथालयाच्या आढ्याला बांबू टांगायचं काम सुताराकडून या आठवड्यात करून घेतायत. हलक्या चेंडूंचे दोन डबे त्यातच. मंगळवार आणि शुक्रवारी संध्याकाळी नेट मुलींचं. हे सरांकडून शब्दात नको, शाळेच्या फळ्यावर लिहून हवं असं मी सांगितलं आणि त्यांनी लिहिलंसुद्धा, फोटो सोबत आहे.

काका, तुम्ही डिसेंबरात आलात की संघाबरोबर जयगडला जा. पंच कमी पडतात आणि तुम्हाला नियम पाठ आहेत. त्याला कुठला पासपोर्ट लागत नाही ना, बापू?

राहिला प्रश्न मॅटच्या खोलीच्या किल्लीचा. एक सरांकडे. दुसरी शिपायाकडे असावी असं संस्थेचं म्हणणं, पण मागच्या वेळी मॅट गावच्या लग्नात पंगतीला अंथरली गेली ती तिथूनच. दुसरी किल्ली मुलींच्या कॅप्टनकडे द्यावी असं मी सुचवते. हरकत असेल त्याने शनिवारपर्यंत लिहावं.

— ताई


प्रेषक: बापू, खजिनदार

किल्लीला हरकत नाही. पैसे पाठवताना प्रत्येकाने ‘मैदान’ असं लिहावं, ‘देणगी मंडळातर्फे’ असं लिहू नये. मंडळातर्फे नाहीच ती.