सेमी-ऑटोमॅटिकचा स्पिन फिरत नाही, नुसता घुं आवाज येतो. मोटर बदलावीच लागेल का?

जुळे सोलापूर
सात किलोची दोन टबांची सेमी-ऑटोमॅटिक आहे. वॉशचा टब व्यवस्थित चालतो. स्पिनचा टायमर फिरवला की खालून घुं आवाज येतो, टब जरासा हलतो आणि तिथेच थांबतो. दोन-तीन मिनिटांनी जळका वास येतो, म्हणून बंद करते. मेकॅनिकने झाकण न उघडताच मोटर गेली म्हणून सांगितलं. खरंच मोटरच असेल का? घरी मल्टिमीटर आहे, कपॅसिटर मोजायची सोयही आहे त्यात.

होटगी रोड
ताई, आधी मशीन पुन्हा चालू करून बघणं थांबवा. अडकलेली मोटर करंट ओढत राहते आणि चांगली वाइंडिंगही (मोटरच्या आतली तारेची गुंडाळी) त्यात जळते.

आवाज येतोय म्हणजे झाकणाचा स्विच आणि टायमर दोन्ही करंट सोडतायत. अजिबात आवाज नसता तर आधी तेच बघितले असते, शिवाय उंदराने खालून वायर कुरतडली आहे का तेही. तुमच्याकडे तीन शक्यता उरतात: ब्रेक सुटत नाही, कपॅसिटर (मोटरला फिरायला सुरुवातीचा जोर देणारी डबी) उतरलाय, किंवा टब कुठेतरी अडकलाय. मोटर सगळ्यात शेवटी.

प्लग काढा, मशीन भिंतीपासून ओढून मागचं झाकण उघडा. स्पिन मोटरच्या वर, मोटर आणि टबाचा शाफ्ट (दांडा) जोडणारं गोल कपलिंग दिसेल, त्याला ब्रेकची पट्टी टेकते. तिथून एक तार वर स्पिनच्या झाकणापर्यंत जाते. झाकण लावलं की तार ताणते आणि पट्टी कपलिंगपासून सुटते. उघडलं की स्प्रिंग पट्टी परत दाबते. कुणाला तरी झाकण लावायला-उघडायला सांगा आणि तुम्ही मागून बघा. झाकण लावल्यावर पट्टी आणि कपलिंगमध्ये फट दिसलीच पाहिजे. तार लांबली असेल किंवा हूक निसटला असेल तर पट्टी घासत राहते आणि जळका वासही तिथूनच येतो. तार ओढून एक टप्पा वर अडकवली की बहुतेक वेळा काम होतं. तुटली असेल तर त्याच मॉडेलची घ्या, लांबीत फरक पडला की पुन्हा तेच दुखणं.

फट आहे, तरी झाकण लावलेलं असताना कपलिंग हाताने जड फिरतंय? मग टब काढून बघा. स्पिनची वरची जाळी न लावता कपडे घातले की पायमोजे, रुमाल उडून बाहेरच्या टबात पडतात आणि खाली शाफ्टला गुंडाळतात.

विजापूर रोड
कपॅसिटरबद्दल एक भर. बऱ्याच मशीनमध्ये वॉश आणि स्पिन दोन्हींचा कपॅसिटर एकाच डबीत असतो, तीन वायरींचा, वर १०+५ असं काहीतरी लिहिलेलं. त्यातला अर्धा भाग मेला तरी दुसरा चालू राहतो. त्यामुळे वॉश चालतो म्हणून कपॅसिटर चांगला असं धरू नका.

प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहतो. जुन्या पिवळ्या, आत तार असलेल्या १०० वॉटच्या बल्बच्या (एलईडी नको) दोन वायरी त्याच्या टोकांना दोन-दोन करून टेकवा, मगच हात लावा. मोजताना एक वायर तरी सोडवा, नाहीतर मोटरची वाइंडिंग मध्ये येऊन रीडिंग चुकतं. ५ मायक्रोफॅरडचा असेल तर ४.७५ ते ५.२५ मध्ये यायला हवा. ४.५ च्या खाली गेला की बदला. नवीन घेताना मायक्रोफॅरड तेवढेच घ्या, व्होल्ट ४४० किंवा जुन्यावर असतील त्यापेक्षा कमी नकोत. ताकद वाढेल म्हणून मोठा टाकू नका, स्टार्टची वाइंडिंग तापते.

मोटरही तिथेच तपासता येते. तिच्या तीन वायरी सोडवून दोन-दोनमध्ये ओहम मोजा. तीन रीडिंगपैकी सगळ्यात मोठं बाकीच्या दोघांच्या बेरजेइतकं आलं तर वाइंडिंग तुटलेली नाही. मोटरच्या अंगाशी वायर धरून रीडिंग आलं, तर मात्र ती खरोखर गेली. गरम मोटर मोजू नका. आतला थर्मल कट (मोटर तापली की करंट तोडणारा भाग) उघडलेला असला की चांगली मोटरही तुटलेली दाखवते. अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या.

जुळे सोलापूर
ब्रेकला फट आहे, कपलिंगही हलकं फिरतं. डबीवर १०+५ आहे. १० ची बाजू ९.८ दाखवते, ५ ची बाजू २.१. मोटरची बेरीज जुळते. मोटरवर मात्र गंजाचे तांबूस ओघळ आहेत.

होटगी रोड
५ ची म्हणजे स्पिनची बाजू उतरलीये. कपॅसिटरच आहे, बदलून टाका. पण ते ओघळ सोडू नका. स्पिन टबाच्या खालचं रबर सील फाटलंय, पाणी शाफ्टवरून थेट मोटरवर उतरतंय. आपल्याकडे बोअरच्या जड पाण्याने शाफ्टवर पांढरा थर चढतो आणि त्यावर सील घासून जातं. कपलिंगचा बोल्ट सोडवून टब वर ओढा, शाफ्ट झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, नव्या सीलच्या ओठाला आतून ग्रीस लावून बसवा. मोटर पूर्ण वाळू द्या. सील तसंच ठेवलं तर नवीन कपॅसिटरवर मशीन फिरेल, आणि पाणी मोटरच्या बेअरिंगमध्ये जाईल.

शेळगी
दुरुस्तीनंतर पहिल्यांदा टब रिकामा फिरवा, नंतर दोन-तीन ओले टॉवेल टाकून. पाणी येतं त्या दिवशी साठलेलं सगळं एकदम धुवायचं असतं हे खरं, पण ओली सोलापुरी चादर स्पिनमध्ये एका वेळी एकच, ती पण गोल गुंडाळून कडेने सारखी बसवून. एका बाजूला भार आला की टब आदळतो, मोटरखालचे स्प्रिंग वाकतात. व्होल्टेजही बघा. २३० ऐवजी १८० मिळाले तर मोटरचा जोर साधारण ६० टक्केच उरतो आणि चांगलं मशीनही भरल्या टबाने घुं करत बसतं. संध्याकाळी अडतं, सकाळी चालतं, असं झालं तर आधी सॉकेटमध्ये व्होल्ट मोजा.