उपरोधिक मुलाखतींच्या संमतिपत्राबाबत मदत हवी आहे

नमस्कार. सोलापुरात आम्ही काही नाट्यकर्मी स्थानिक केबल वाहिनीसाठी राजकीय उपरोधाचा कार्यक्रम तयार करत आहोत. आमचा नट एका काल्पनिक वाहिनीचा वार्ताहर बनून, चेहऱ्यावरची रेष न हलवता, नळाला रोज पाणी न येण्याचे फायदे लोकप्रतिनिधींना विचारणार आहे. छुपा कॅमेरा नसेल, आणि नवी पेठेतल्या दुकानदारांना किंवा वाटसरूंना यात ओढायचे नाही, यावर आम्ही ठाम आहोत.

सोंग घेऊन मुलाखती घेणारे विनोदी अभिनेते सॅशा बॅरन कोहेन यांच्या ‘हू इज अमेरिका?’ (२०१८) या मालिकेविरुद्ध अमेरिकी राजकारणी रॉय मूर यांनी लावलेला साडेनऊ कोटी डॉलरचा दावा त्यांनी सही केलेल्या संमतिपत्रामुळे २०२१ मध्ये फेटाळला गेला आणि अपिलातही टिकला नाही. त्या धर्तीवर केलेला मराठी मसुदा ओळखीच्या वकिलांना दाखवला. मात्र त्यांचे काम मालमत्तेच्या दाव्यांचे असल्याने त्यांनी केवळ अडचणी दाखवल्या. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १९ नुसार फसवून मिळवलेली संमती रद्द करता येते, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ मध्ये (तोतयेगिरी करून फसवणूक) सोंग काल्पनिक व्यक्तीचे असले तरी सूट नाही.

सोंग आधीच उघड केले तर मुलाखतीत रामच उरत नाही. म्हणून चित्रीकरणानंतर सर्व सांगून दुसरी सही घ्यावी आणि नकार आल्यास तो भाग वगळावा, हे मला न्याय्य वाटते.

माध्यमविषयक कायद्याचा अनुभव असणाऱ्यांनी कृपया सांगावे: अशा दुसऱ्या सहीने पहिल्या संमतीतला दोष दूर होतो का, आणि त्यासाठी मसुद्यात नेमके कोणते वाक्य असायला हवे?