श्रीनगरच्या हॉटेलात लॅपटॉपला नेट कसं मिळवायचं?

चालताबोलता:
पुढच्या महिन्यात सहा दिवस श्रीनगर-पहलगाम. मधल्या दोन दिवसांची रजा मंजूर झाली नाही, म्हणजे घरचे फिरणार आणि मी खोलीत लॉगिन करून बसणार. लॅपटॉप कंपनीचा, विंडोज, व्हीपीएनशिवाय (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा सुरक्षित मार्ग) काही उघडत नाही. हॉटेलवाला फोनवर म्हणतो, "वायफाय है सर, फुल स्पीड." हे वाक्य मी महाबळेश्वरलाही ऐकलंय. नाहीच चाललं तर फोनचा हॉटस्पॉट आहेच (प्रीपेड, रोज २ जीबी). आणखी काही सोबत घ्यावं का? डोंगल वगैरे?

वायफळ:
हॉटस्पॉट आहेच म्हणताय, पण तो नाहीये! बाहेरच्या राज्यातली प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाहीत, कंपनी कुठलीही असो. पोस्टपेड चालतं. डोंगलमध्ये प्रीपेड सिम घातलंत तर त्याचीही तीच गत.
खरी गंमत पुढेच आहे. हॉटेलचं वायफाय जोडलं की बऱ्याच ठिकाणी पान उघडतं, मोबाइल नंबर टाका, ओटीपी येईल. येणार कुठे, कपाळावर? आमच्या वेळी रिसेप्शनवरच्या पोराने स्वतःचा नंबर टाकून दिला. बँकेच्या ओटीपीचंही तेच, तेव्हा रोख जास्त ठेवा.

चालताबोलता:
बापरे. ट्रॅव्हलवाला याबद्दल चकार शब्द बोलला नाही.

रात्रपाळी:
वायफळ यांना +१. तोच नंबर पोस्टपेड करून मिळतो, फक्त लगेच परत प्रीपेडवर येऊ देत नाहीत. आदल्या दिवसापर्यंत थांबू नका. घरात कोणाचं पोस्टपेड असेल तर प्रश्नच मिटला.

तारतम्य:
सिमचं झालं, आता व्हीपीएन. वायफायला जोडलं आणि लॉगिनचं पान उघडलंच नाही, असं हमखास होतं. हॉटेलची यंत्रणा तुम्ही मागितलेल्या साइटच्या जागी स्वतःचं पान पुढे करते. साइट एचटीटीपीएसवाली (म्हणजे सुरक्षित जोडणीची) असेल तर ब्राउझर ही अदलाबदल चालू देत नाही, म्हणून एरर येतो. अशा वेळी ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम टाका. ती साइट मुद्दाम साध्या एचटीटीपीवर ठेवलेली आहे, त्यामुळे पान उघडतं. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) सेटिंगमध्ये हाताने १.१.१.१ किंवा ८.८.८.८ केलं असेल तर तेवढ्यापुरतं ऑटोवर आणा.
पण काही कंपन्यांचे लॅपटॉप व्हीपीएन लागेपर्यंत कुठलंच पान उघडू देत नाहीत, आणि पान उघडल्याशिवाय व्हीपीएन लागत नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही! तिथे अँड्रॉइड फोन कामाला येतो. फोनवरून हॉटेलच्या वायफायला लॉगिन करा, केबलने फोन लॅपटॉपला जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. फोनमधलं वायफाय लॅपटॉपला मिळतं आणि हॉटेलच्या लेखी उपकरण एकच. आयफोनवर हे जमत नाही, तो फक्त सिमचा डेटा पुढे देतो. केबल मात्र डेटावाली हवी, नुसती चार्जिंगची नको.

वायफळ:
आणि कामाचे दोन दिवस हाउसबोटीत घालवू नका. नेट मिळालं तरी भरवसा नाही. खोली राउटरजवळची मागा, डोंगर-तळं दिसलं नाही तरी चालेल. रात्री जेवणं झाली की सगळे गेस्ट रील बघत बसतात, जड फाइली सकाळीच उरका.

चालताबोलता:
परतलो. बायकोचं पोस्टपेड होतं, म्हणून माझं बदललं नाही. तारतम्य यांची केबलची युक्ती पहिल्या फटक्यात चालली, दिवसभर मीटिंगा झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वायफायने परत ओटीपी मागितला. नंबर बायकोचा. बायको शिकाऱ्यात, दल लेकच्या मधोमध. रिसेप्शनच्या फोनवरून तिला लावला तर अनोळखी नंबर म्हणून दोनदा कट केला. तिसऱ्यांदा उचलला, आकडे सांगितले आणि वर विचारलं, "काम चाललंय ना नीट?"